दोन तृतीयांश तोंडी

माझी मुलगी पहिल्यापासून कमी बोलणारी. बालवाडीत असतानाच तिथल्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, घरी तरी बोलते ना ती? घरी बोलायची. म्हणजे आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, अशी आमच्या घरची पद्धत. शब्द कमी, पण बोलली की नेमकं बोलायची. आणि लिहायला बसली की पानंच्या पानं.

दक्षिण जर्मनीतल्या वाल्डॉर्फ या छोट्या गावात होतो तोवर या स्वभावाचा तिला कधी त्रास झाला नाही. तिथे वर्षाच्या सुरुवातीला शिक्षक वर्गाला सांगून टाकायचे, लेखीला दोन भाग, तोंडीला एक. तोंडी म्हणजे परीक्षा नव्हे. तासाला हात वर करणं, उत्तर देणं, चर्चेत भाग घेणं, या सगळ्याला मिळून शिक्षक आपल्या अंदाजाने जो आकडा देतात तो. इकडे एक म्हणजे सगळ्यात चांगला आणि सहा म्हणजे पार बुडाला. माझ्या मुलीला लेखीत एक मिळायचा आणि तोंडीत तीन. दोन्हींची गोळाबेरीज होऊन प्रगतिपुस्तक छान दिसायचं. "थोडं बोलायला हवं," असा शेरा दर वर्षी असायचा आणि दर वर्षी आम्ही तो वाचून सोडून द्यायचो.

ती दहावीत असताना माझ्या नवऱ्याला बर्लिनमध्ये नोकरी मिळाली. बॅटऱ्या बनवणारी नवी कंपनी, तरुण लोक, त्याला हवं तसं काम. माझं काम बरंचसं घरून चालत होतं, तेव्हा माझी अडचण नव्हती. प्रश्न मुलीचा होता. आम्हाला वाटलं होतं ती रडेल, भांडेल. तिने फक्त विचारलं, "बर्लिनला टिअरमेडिट्सीन आहे ना?" तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचं होतं. बर्लिनमध्ये ते शिकता येतं हे तिनेच आधी बघून ठेवलेलं होतं. ही बातमी पुण्याला कळली तेव्हा माझ्या सासूबाईंनी फोनवर दोनदा खात्री करून घेतली. "माणसांची नाही? गुरांची?" "अहो आई, गुरांची, कुत्र्यांची, मांजरांची, सगळ्यांची." "बरं बाई. पण मार्क तरी लागतात ना त्याला?"

मार्क लागतात. फार लागतात. इथे शाळेची शेवटची दोन वर्षं महत्त्वाची असतात. त्या वर्षांत गुण पंधरापैकी असतात आणि प्रत्येक सहामाहीचा गुण शेवटच्या सरासरीत जातो. त्या सरासरीवर पुढचं बहुतेक सगळं ठरतं. म्हणजे आमची मुलगी बर्लिनच्या नव्या वर्गात पाऊल टाकणार आणि पहिल्याच तासापासून तिचं मोजमाप सुरू होणार. आम्हाला हे माहीत होतं. आमचा हिशोब असा की मुलगी हुशार आहे, अभ्यास करते, मग शहर कुठलंही असो.

पहिल्या सहामाहीत रसायनशास्त्राच्या लेखी परीक्षेत तिला पंधरापैकी चौदा मिळाले. वर्गात सगळ्यात जास्त. मी त्या आनंदात श्रीखंड केलं, इथल्या क्वार्क नावाच्या चक्क्याचं, ते जरा आंबटच होतं, पण खाल्लं सगळ्यांनी. आणि जानेवारीच्या शेवटी सहामाहीचं त्सॉयग्निस, म्हणजे प्रगतिपुस्तक, हातात आलं. रसायनशास्त्र: आठ.

मला वाटलं छपाईची चूक आहे. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. एकच आकडा दोन ठिकाणी वेगळा आला की चूक नोंदवायची, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. मी लगेच म्हणाले, "हे चुकलंय. उद्या शाळेत फोन करते."

"चुकलं नाहीये," मुलगी जर्मनमध्ये म्हणाली. ती बुटाची नाडी सोडत होती. "तोंडीत पाच मिळाले."

"म्हणून आठ? चौदा आणि पाचाचे आठ कसे होतील?"

"लेखी एक तृतीयांश. बाकी दोन तृतीयांश."

मी मनात गुणाकार केला. आठच येत होते. बरोब्बर आठ.

मग मी बाकीचे विषय बघितले. जीवशास्त्र तिने मुख्य विषय म्हणून घेतलेला, तिथे लेखीला निम्मं वजन, म्हणून ते बरं होतं. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, सगळीकडे तीच तऱ्हा. लेखीत बारा, तेरा, आणि शेवटी सात, आठ, नऊ. जी मुलगी वाल्डॉर्फमध्ये पहिल्या चारपाचांत होती ती बर्लिनमध्ये एका उन्हाळ्यात मध्यम झाली होती. तीच मुलगी, तेच डोकं.

नवरा म्हणाला, "हे बघ, नियम आहे तर आहे. तिने बोलायला सुरुवात करावी."

"तू तिला सोळा वर्षं ओळखतोस ना?"

"मग काय करणार तू? बर्लिनचा नियम बदलणार?"

पालकांना भेटायच्या दिवशी मी रसायनशास्त्राच्या शिक्षकांसमोर जाऊन बसले. तिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. त्याने माझ्याशी हात मिळवला आणि पहिलंच वाक्य बोलला, "तुमची मुलगी फार हुशार आहे. पेपर वाचताना मजा येते मला."

मी म्हणाले, "मग आठ का?"

"कारण ती बोलत नाही."

"बोलत नाही म्हणजे तिला येत नाही असं नाही ना?"

"बरोबर. पण तिच्या डोक्यात काय आहे ते मला तासाला दिसत नाही."

"पेपरात दिसतं की."

"दिसतं ना," तो अगदी मनापासून म्हणाला. "तो एक तृतीयांश भाग आहे."

त्याच्यावर चिडणंही जमेना. तो उद्धट नव्हता, त्याने माझ्या मुलीला नावं ठेवली नाहीत. उरलेल्या दोन तृतीयांशात काय काय येतं, असं मी विचारलं. त्याने सांगितलं की कायद्याने फक्त 'इतर कामगिरी' एवढंच सांगितलंय. त्यात छोट्या लेखी चाचण्या घेता येतात, प्रयोगाचे अहवाल मोजता येतात, सादरीकरण देता येतं. कशाला किती वजन ते प्रत्येक शाळेतले त्या विषयाचे शिक्षक बैठकीत ठरवतात. "आणि तुमच्या शाळेत?" "आमच्याकडे तासातल्या सहभागावर भर आहे." बाहेर पुढचे पालक उभे होते. मी उठले.

याच्यापुढचा धक्का मला एका जेवणात बसला. आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब उबानने, म्हणजे भुयारी रेल्वेने, पाचसहा स्टेशनं पलीकडे राहतं. त्या घरातली माझी मैत्रीण माझ्याच कॉलेजची, माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच इयत्तेत, पण दुसऱ्या शाळेत. रविवारी त्यांच्याकडे पावभाजी होती. मुली आतल्या खोलीत होत्या आणि आम्ही दोघी कांदा चिरत मुलींच्या गुणांवर आलो.

"रसायनला किती?" मी विचारलं.

"अकरा. पेपर कसाबसा दिला होता गं, नऊच होते त्यात. पण त्यांच्याकडे प्रयोगाचे अहवाल लिहायचे असतात ना, आणि छोट्या चाचण्या, त्यात तिने कमावलं. तोंडी नावापुरतं."

मी सुरी खाली ठेवली. एकाच शहरात, एकाच कायद्याखाली, त्याच पुस्तकातलं तेच रसायनशास्त्र. चौदावाली आठवर आणि नऊवाली अकरावर. मैत्रिणीच्या मुलीवर माझा राग नव्हता, तिने कष्टच केले होते. पण अहवाल लिहिणं हा तर माझ्या मुलीचा हातखंडा! तिथे ती असती तर? आणि शाळा संपल्यावर या दोघींचे आकडे एकाच रांगेत लागणार. कुठल्या शाळेने कशाचं वजन किती धरलं हे त्या रांगेत कोणी विचारणार नाही.

"मग इकडे घाल तिला," मैत्रीण सहज म्हणाली.

मी सोमवारीच त्या शाळेत फोन लावला. सेक्रेटरी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. वर्गात जागा नाही, असली तरी तुमच्या मुलीचे विषय आणि आमचे गट जुळत नाहीत, आणि या टप्प्यावर बदल म्हणजे बहुधा वर्ष वाया. "कारण काय आहे बदलाचं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, गुण मोजायची पद्धत. त्या म्हणाल्या, "हे कारण मी पहिल्यांदाच ऐकतेय."

मग मी दुसरा मार्ग धरला. वजन ठरवणाऱ्या शिक्षकांच्या बैठकीला पालकांच्या प्रतिनिधींना बसता येतं, असं मला कळलं. विज्ञानविषयांच्या बैठकीला जायला कोणीच तयार नव्हतं, त्यामुळे मला निवडून यायला काही करावं लागलं नाही. मी हात वर केला आणि झाले. मुलीला सांगितलं नाही. मी मुद्दे काढले, नवऱ्याकडून जर्मन तपासून घेतलं. तो म्हणाला, "भाषा ठीक आहे. ऐकणार नाहीत." पण तपासून दिलं.

बैठक प्रयोगशाळेत होती, उंच स्टुलांवर. मी माझं म्हणणं मांडलं: तोंडीचा भाग निम्म्यावर आणा, उरलेल्यात चाचण्या आणि अहवाल घ्या, म्हणजे जी मुलं शांत आहेत त्यांनाही दाखवायला जागा राहील. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. एक जण म्हणाले, एवढ्या चाचण्या तपासायच्या कोणी. ते मला अपेक्षित होतं. मग कोपऱ्यातल्या एक वयस्क बाई बोलल्या. त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या.

"माझ्या वर्गात पाच-सहा मुलं अशी आहेत की त्यांना सगळं समजतं, पण कागदावर धड दोन वाक्यं येत नाहीत. घरात जर्मन नाही, मदत करणारं कोणी नाही. ती बोलतात म्हणून तरतात. तुम्ही म्हणता तसं केलं तर ती बुडतील. त्यांची आई इथे येऊन बसलेली नाहीये."

माझ्याकडे याला उत्तर होतं. दोन प्रकारच्या मुलांना दोन वाटा द्या, ज्याला जे येतं त्यातून त्याला मोजा, एवढं साधं उत्तर. पण रागात आणि लाजेत माझं जर्मन अडखळलं. क्रियापद शेवटी नेऊन वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेला होता. कोणीतरी रसायनांच्या कपाटाच्या किल्लीबद्दल बोलत होतं. मतदान झालं, पद्धत आहे तशीच राहिली. बाईंनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मला अजिबात नको होता.

ट्रामने घरी येताना मला माझ्या मुलीचं एक जुनं वाक्य आठवलं. तू हात का वर करत नाहीस, असं मी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "माझं बरोबर आहे हे मी तपासून बघते. तोवर दुसऱ्याने सांगितलेलं असतं." तेव्हा मी त्याला कारण मानलं नव्हतं.

घरी ती दारातच उभी होती. तिच्या वर्गातल्या कोणाच्या तरी पालकांकडून तिला कळलं होतं.

"तू तिथे माझ्याबद्दल बोललीस?"

"तुझं नाव नाही घेतलं."

"आई, शाळेत शांत मुलगी आणि भारतीय आई असं किती जणांचं कॉम्बिनेशन आहे?"

हे ती मराठीत म्हणाली. इतकी चिडली होती. मग तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि नवऱ्याने स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघितलं, पण तो शहाणा आहे, परत भांडी घासायला वळला.

दुसऱ्या सहामाहीच्या शेवटी रसायनशास्त्रात अकरा आले. इतिहासात दहा, राज्यशास्त्रात अकरा. मी थक्क झाले. "बोलायला लागलीस!" मी तिला जवळ घेतलं. तिने घेऊ दिलं, पण खांदे ताठच होते.

"काय बोलतेस गं तासाला?"

"काहीही."

"काहीही म्हणजे?"

मग तिने सांगितलं, हसत वगैरे नाही, बसची वेळ सांगावी तसं. तासाचा पहिला प्रश्न नेहमी सोपा असतो, मागच्या वेळी काय केलं? त्याला ती हात वर करते. मग मध्ये एकदा आधीच्याने जे सांगितलं तेच वेगळ्या शब्दांत सांगते, "मला त्याच्या मुद्द्यात भर घालायची आहे" असं म्हणून. तेवढ्यावर शिक्षक खूश असतात. खरा विचार करायला लावणारा प्रश्न आला की ती गप्प बसते, कारण त्याला वेळ लागतो आणि वेळ लागला की संधी जाते.

"आणि पेपर?" लेखीचा आकडा मी बघितला नव्हता.

"दहा."

"चौदाचे दहा?"

"एक तृतीयांशच आहे ना," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी एवढं कोण वाचणार?"

मला तिच्यावर ओरडता आलं असतं. पण काय ओरडणार? तिने आमच्यापेक्षा नीट हिशोब केला होता. पूर्वी ती एखादी गोष्ट कळेपर्यंत सोडायची नाही. वाल्डॉर्फमध्ये असताना लोखंड का गंजतं यावर तिने पाण्यात, मिठाच्या पाण्यात, तेलात खिळे बुडवून माझी खिडकी अडवून ठेवली होती, आणि ते कोणी करायला सांगितलेलं नव्हतं. ती मुलगी आता पुस्तकाचं प्रकरण जेवढं लागेल तेवढं वाचून मिटवत होती. शाळेला ती सुधारलेली दिसत होती. पुढच्या भेटीत त्या हसऱ्या शिक्षकांनी मला सांगितलं, "बघा, किती फुलली आहे!" मी मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. इतका संताप मला तिच्या आठ गुणांनीही आला नव्हता.

मी तिला एकदा सुचवून पाहिलं की पूर्वीसारखा अभ्यास कर, तोंडीचं जे होईल ते होईल. ती म्हणाली, "मग टिअरमेडिट्सीन कसं मिळेल?" नवऱ्याने विषय बदलला.

शेवटची सरासरी पुन्हा जुन्या मापात देतात, एक म्हणजे सगळ्यात चांगलं; तिची एक पूर्णांक आठ आली. कोणालाही सांगा, लोक अभिनंदन करतात. आम्हीही पेढे मागवले, मैत्रिणीने केक आणला. तिच्या मुलीला एक पूर्णांक सहा होते आणि तिला अर्थशास्त्र हवं होतं, ते सहज मिळालं. माझ्या मुलीला बर्लिनमध्ये जागा मिळाली नाही. इतर शहरांतूनही नकार आले. पुण्याहून सासूबाईंनी विचारलं, "एक पूर्णांक आठ म्हणजे टक्के किती?" मी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. "अहो आई, चांगले आहेत. पण पुरले नाहीत." त्या म्हणाल्या, "तिकडेही असंच असतं का गं?"

आता ती एका प्राण्यांच्या दवाखान्यात सहायक म्हणून शिकते आहे. पिंजरे धुणं, इंजेक्शनच्या वेळी कुत्रं धरून ठेवणं, रक्ताचे नमुने तपासणीला लावणं. पुन्हा अर्ज करणार आहे, शिवाय एक प्रवेशपरीक्षाही असते, तिची तयारी चालू आहे. दवाखान्याच्या डॉक्टरबाई म्हणतात, घाबरलेलं जनावर हिच्या हातात शांत होतं, कारण ही उगाच बडबड करत नाही. इथले शेजारी सांगतात की एक वर्ष थांबलं तर काही बिघडत नाही, कितीतरी मुलं थांबतात. खरं असेल. मुलगीही तसंच म्हणते, आणि ती दुःखी दिसत नाही.

मला मात्र अजून ते सोडता येत नाही. मागच्या आठवड्यात पीठ आणायला बसने जाताना मी तिचे सगळे विषय वाल्डॉर्फच्या पद्धतीने मनातल्या मनात मोजले. सगळे आठवतात मला. माझा उतरायचा स्टॉप गेला. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, एवढा उशीर का? मी खरं ते सांगितलं. तो चिडला नाही. "तिला सांगू नकोस," एवढंच म्हणाला आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.